आकृतीतला एक हायड्रोजन

जेम्स वॉटसन यांचे 'द डबल हेलिक्स' (१९६८) हे पुस्तक डीएनएच्या शोधाची चित्तथरारक कथा म्हणून वाचले जाते. शिक्षकांनी ते आणखी एका कारणासाठी वाचावे. छापील आकृतीवर किती विसंबावे, हे त्यातून कळते.

डीएनएमधील चार न्यूक्लिओसाइडांपैकी डीऑक्सिग्वानोसिन घ्या. ग्वानिन ही आम्लारी आणि डीऑक्सिरायबोज ही शर्करा मिळून ते बनते. त्याला फॉस्फेट जोडले की साखळीची एक कडी तयार होते. १९५३ च्या प्रारंभी केंब्रिजमध्ये वॉटसन यांनी ग्वानिनची रचना एका पुस्तकातून जशीच्या तशी घेतली. त्या आकृतीत एक हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला होता, म्हणजे रूप ईनॉल होते. त्यावरून त्यांनी सारखीला सारखी आम्लारी जुळवली. त्यांच्याच खोलीत बसणारे जेरी डोनोह्यू म्हणाले, आकृतीच चुकली आहे. तो हायड्रोजन शेजारच्या नायट्रोजनवर हवा. हे कीटो रूप धरून वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे जुळवू लागले. २८ फेब्रुवारीला ग्वानिन-सायटोसिन आणि अ‍ॅडेनिन-थायमिन या जोड्या एकाच आकाराच्या भरल्या! चारगाफ यांना आढळलेल्या समान प्रमाणांचा उलगडा झाला. एका साखळीवरून दुसरी कशी घडत असेल, म्हणजे आनुवंशिक माहितीची नक्कल कशी होत असेल, हेही दिसू लागले.

आपली फजिती आणि डोनोह्यू यांचे ऋण वॉटसन मोकळेपणाने सांगतात. न्यूक्लिओसाइडच्या आम्लारीपुरते पुस्तक प्रामाणिक आहे. पण शर्करेच्या बाजूचे काय? शर्करा-फॉस्फेटचा कणा बाहेर असला पाहिजे, हे रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्येच बजावले होते. त्यांचे म्हणणे खरे ठरल्याचे लेखक मान्य करतात. तरी त्यांना 'रोझी' म्हणतात, पेहरावावर शेरे मारतात आणि त्यांचे क्ष-किरण छायाचित्र त्यांच्या नकळत पाहिल्याचे सहज सांगून पुढे जातात. आपले मत बरेचसे चुकीचे होते, ही कबुली उपसंहारात येते. फ्रँकलिन १९५८ मध्येच निवर्तल्या होत्या.

तेव्हा हे पुस्तक विद्यार्थ्यांना जरूर द्यावे, पण उपसंहार आधी वाचायला सांगावा. आणि ग्वानिन-सायटोसिनची जोडी फळ्यावर काढताना एक गोष्ट सांगावी. वॉटसन-क्रिक यांच्या १९५३ च्या आकृतीत या जोडीत दोनच हायड्रोजन बंध होते. तिसरा पॉलिंग व कोरी यांनी १९५६ मध्ये दाखवला. दुरुस्त केलेली आकृतीही पुन्हा तपासावी लागते.