खरेपणाचे दोन निकष : ‘द व्हेल्व्हटीन रॅबिट’

निर्जीव खेळणे जिवंत होते अशा बालकथांचा विचार आपल्याकडे बहुधा चेतनगुणोक्तीपाशीच थांबतो. मार्जरी विल्यम्स यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेला ती संज्ञा अपुरी पडते. येथील कापडी ससा आरंभापासूनच बोलतो, संकोचतो. सचेतन तो आहेच. त्याच्यापुढील प्रश्न ‘खरे’ होण्याचा आहे.

जुना कातडी घोडा त्याला सांगतो की, मुलाने दीर्घकाळ जीव लावला की खेळणे खरे होते. मात्र तोवर त्याची लव झडलेली असते, सांधे खिळखिळे झालेले असतात. आपल्या प्राणप्रतिष्ठेची येथे आठवण होते. पण तिला मुहूर्त असतो, हा खरेपणा झिजत झिजत येतो. रानससे भेटतात तेव्हा दुसरा निकष पुढे येतो. ते त्याच्यात मागचे पाय शोधतात, आणि ते तर शिवलेलेच नाहीत! प्रेमाने दिलेले सत्य शरीराच्या पुराव्यापुढे उघडे पडते.

मुलाला लोहितांग ज्वर होतो आणि डॉक्टरांच्या आदेशाने ससा जाळण्याच्या ढिगात जातो. मूल मात्र समुद्रकिनारी जाण्याच्या आनंदात असते. अशी वस्तू मूल विसरत नाही आणि तिचा शोकही करीत नाही, हे विनिकॉट यांनी १९५१ च्या आपल्या निबंधात ‘संक्रमण-वस्तू’विषयी मांडलेले निरीक्षण येथे जवळजवळ तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की, मुलाने न केलेला शोक लेखिकेने सशाच्या वाट्याला दिला आहे. कथेचे सारे मर्म या अदलाबदलीत आहे असे मला वाटते.

त्या अश्रूतून फूल उमलते, फुलातून परी येते आणि ससा ‘सर्वांसाठी’ खरा होतो. हे मला पटत नाही. वस्तू मुलाने निर्मिली की त्याला ती सापडली, हा प्रश्न त्याला विचारायचाच नाही, असा विनिकॉट यांचा आग्रह आहे. परी नेमके त्याचेच उत्तर देऊन टाकते, तेही रानसशांच्या बाजूने. बालवाचकाला दिलासा हवा, हे समर्थन अपुरे आहे. कारण तो दिलासा कातडी घोड्याचे म्हणणे रद्द करूनच मिळतो.

शेवटच्या प्रसंगात मात्र लेखिका सावरते. वसंतात मुलाला एक ससा दिसतो. लवेखाली जुने ठिपके पुसट जाणवतात. हा आपल्या हरवलेल्या सशासारखा दिसतो, एवढेच त्याच्या मनात येते. ओळख एकट्या सशालाच पटलेली असते.