दासबोधातील सावधानता

जांब येथे इ. स. १६०८ मध्ये जन्मलेले समर्थ रामदास विवाहमंडपातील ‘सावधान’ हा शब्द ऐकताच निघून गेले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यामुळे सावधानता म्हणजे प्रपंचाचा त्याग, असा समज रूढ झाला. दासबोधाचा पुरावा मात्र निराळा आहे. बाराव्या दशकाच्या आरंभीच्या ‘विमळलक्षण’ समासात प्रपंच नीट करून मग परमार्थाकडे वळावे, असा उपदेश आहे. एकोणिसाव्याच्या आरंभी तर ‘लेखनक्रिया’ हाच विषय आहे. वळणदार अक्षर, सरळ ओळ, सारखे अंतर आणि ग्रंथ संपेपर्यंत न पालटणारा हात यांची तेथे अपेक्षा आहे. अवधान किती टिकले याची साक्ष कागदच देतो.

योग व सजगता दैनंदिन जीवनात आणावी, असे आज आग्रहाने सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा मनःशांती हेच साध्य मानले जाते. समर्थांची सावधानता विवेक व भक्ती यांच्याशी निगडित आहे. तिला केवळ विश्रांतीचे तंत्र म्हणणे उचित नव्हे. तिची कसोटी नित्याच्या कामातच लागते, असे आम्हांस वाटते. म्हणूनच अभ्यासकांनी आख्यायिकेपेक्षा या समासाकडे अधिक लक्ष पुरवावे.