चौकचा धूर आणि उपग्रहाचे ठिपके

उपग्रहांनी टिपलेल्या वणव्यांच्या नकाशांना अलीकडे पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. ते कोठवर रास्त आहे, याची परीक्षा खालापूर तालुक्यातील चौकच्या परिसरात चांगली होते. इर्शाळगड व माथेरान यांच्या पायथ्याशी पावसाळ्यापूर्वी भाताचे राब भाजतात. कवळ, शेण व गवत यांचे थर पेटवून रोपांची जागा तयार करतात. त्याच दिवसांत वरच्या उतारांवरील वाळल्या गवताला वणवाही लागतो. नकाशात मात्र दोहोंना एकच लाल ठिपका!

व्हीआयआरएस या उपकरणाचा चौरस सुमारे ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ १४ हेक्टरांचा. आणि ठिपका उमटतो तो ज्वाळेच्या जागी नव्हे, तर त्या चौरसाच्या मध्यावर. शेत व वनहद्द एकाच चौरसात आली, तर काही गुंठ्यांचा राब जंगलात पेटलेला दिसू शकतो. अशा ठिपक्यावरून पायथ्याच्या ठाकूर वा कातकरी शेतकऱ्यास दोषी धरणे अन्यायाचे होय.

धुराचा माग घेतल्याने हा संशय फिटेल, असे म्हणता येत नाही. २०२३ साली कॅनडातील वणव्यांचा धूर युरोपपर्यंत अनुसरता आला. तो प्रचंड होता व उंच चढला होता. राबाचा धूर विरळ आणि जमिनीलगतचा. भूस्थिर इन्सॅट उपग्रह अर्ध्या तासाने चित्र घेतात खरे, परंतु सूर्यास्तानंतर दृश्य प्रकाशातील चित्र उरत नाही. व्हीआयआरएसची फेरी दुपारी व मध्यरात्रीनंतर, सुमारे दीडच्या सुमारास. सायंकाळी पेटविलेला राब या दोहोंच्या मध्ये विझूनही जातो.