गोव्याची शरणागती आणि पोर्तुगीज कप्तानांची गुप्त चळवळ

आपल्या मराठवाड्यात हैदराबाद मुक्तीची मांडणी बहुधा १७ सप्टेंबर १९४८ पाशी थांबते. तशीच गोव्याची १९ डिसेंबर १९६१ पाशी. समोरच्या सैन्यात काय घडले, हे मराठी अभ्यासक क्वचितच पाहतात. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझारचा आदेश डावलून गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आले; १९६३ मध्ये ते बडतर्फ झाले. पराभवाचे खापर सैन्यावर फुटते, हे अधिकारी विसरले नाहीत. १९७३ मधील कप्तानांच्या गुप्त बैठका मात्र बढतीच्या तक्रारीतून सुरू झाल्या. त्यांना आरंभापासूनच लोकशाहीवादी ठरविणे भाबडेपणाचे होय. आफ्रिकेतील युद्धांनी त्यांना राजकीय केले. २५ एप्रिल १९७४ रोजी त्यांनी राजवट उलथविली. सिल्वांना पद परत मिळाले, आणि ३१ डिसेंबरच्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.