दगडाआडचे स्थानक

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा आणि हाताशी पैसे थोडे असले, की आपण दर्शनी भिंत तेवढी रंगवून घेतो. पॅरिसच्या ओर्से स्थानकाची छायाचित्रे प्रथम पाहिली, तेव्हा मला त्या भिंतीचीच आठवण झाली. १९०० च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीन नदीकाठी हे स्थानक उभे राहिले. नदीपलीकडे लूव्रचा राजवाडा. त्याच्या शेजाराला शोभावे म्हणून व्हिक्तोर लालू या वास्तुकाराने लोखंडी सांगाड्यावर दगडी कमानी, पुतळे आणि भलीमोठी घड्याळे चढवली. आत आयफेल टॉवरपेक्षाही अधिक धातू. नदीकडून पाहावे तर त्याचा मागमूस नाही! हे ढोंग नव्हे काय, असे मी म्हणत असे.

आज माझे मत तितके कडक राहिलेले नाही. येथे गाड्या विजेवर येत. धूर नाही, काजळी नाही. म्हणूनच ३२ मीटर उंच व १३८ मीटर लांब दालन लालूला असे नटवता आले. दोष निघाला तो निराळ्याच ठिकाणी. गाड्या लांबत गेल्या, फलाट आखूडच राहिले. १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या येथून सुटेनाशा झाल्या. म्हणजे जो भाग निव्वळ उपयोगाचा, तोच आधी निरुपयोगी ठरला!

१९४५ मध्ये जर्मनीतून सुटून आलेल्या कैद्यांचे स्वागतकेंद्र येथेच होते. त्यांचे आप्त वाट पाहत येथे येत. पुढे १९७० मध्ये वास्तू पाडण्यास परवानगीही मिळाली. पण तो बेत सरकारनेच मोडला, आणि १९८६ मध्ये येथे कलासंग्रहालय उघडले. ज्या शोभेला मी नावे ठेवली, तिनेच वास्तूला तारले असावे, असे आता वाटते.

तक्रार उरते ती नव्या रचनेविषयी. गाए आउलेंती यांनी मधल्या दालनात दगडी भिंती उभारल्या. लालूने बाहेरून लोखंड झाकले, आउलेंतींनी आतून रुळांची जागा झाकली. पहिले झाकणे मी माफ केले. दुसरे करवत नाही. चित्रे पाहायला जाणाऱ्याने घटकाभर मान वर करून ते छत पाहावे, आणि त्याखाली आपल्या माणसाची वाट पाहत उभे राहिलेल्यांना आठवावे.