पीएच: सूत्र पाठ, अटी गायब

नेट-सेटच्या जवळपास प्रत्येक गाईडमध्ये एक प्रश्न हमखास सापडतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचं १०^-८ मोलर द्रावण, पीएच किती? उणे लॉगच्या सूत्रात आकडा टाकला की ८ येतो. म्हणजे पाण्यात आम्ल घातलं आणि पाणी अल्कधर्मी झालं! मग खाली चौकटीत लिहिलेलं असतं, 'योग्य उत्तर ६.९८, लक्षात ठेवा.' माझी तक्रार त्या 'लक्षात ठेवा'बद्दल आहे.

प्रश्न मुळात झकास आहे. इथे आम्ल इतकं कमी आहे की पाण्यातून येणारे हायड्रोजन आयन त्याच्यापेक्षा जास्त भरतात. एकूण हायड्रोजन आयनांची संहती क्ष धरा. क्लोराइड १०^-८ आहे, म्हणून विद्युतभार जुळायला हायड्रॉक्साइड (क्ष - १०^-८) हवा. दोन्हींचा गुणाकार २५ अंश सेल्सिअसला १०^-१४. वर्गसमीकरण सोडवलं की क्ष १.०५ × १०^-७ येतो, आणि पीएच ६.९८. संपलं. यात पाठ करण्यासारखं काय आहे? पण गाईडने त्याची 'ट्रिक' करून टाकली, आणि त्या गुणाकाराला लागलेली '२५ अंश' ही अट कंसात मरून गेली.

सूत्राचीही तीच गत. सोरेन्सनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवालेच) पीएच मांडला तो संहतीवर. पुढे १९२४ मध्ये त्यानेच लिंडरस्ट्रॉम-लांगबरोबर अ‍ॅक्टिव्हिटीवर आधारलेली व्याख्या सुचवली. आज अधिकृत व्याख्या अ‍ॅक्टिव्हिटीचीच आहे. आपण मात्र एमएस्सीपर्यंत १९०९ मध्येच राहतो. म्हणून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात मीटर १.१ च्या आसपास दाखवतो तेव्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मीटरला शिव्या घालतो. मीटर बरोबर असतो. आयन एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे त्यांचा परिणाम मोजलेल्या संख्येपेक्षा कमी पडतो.

मला हे महागात पडलंय. ट्रिस बफर खोलीत, २५ अंशांना, बरोबर ८.० ला आणला आणि बाटली कोल्डरूममध्ये नेली. ट्रिसचा पीएच दर अंशामागे साधारण ०.०२८ नी सरकतो. तापमान उतरलं की पीएच चढतो. ४ अंशांना माझा बफर ८.६ च्या जवळ होता. एन्झाइमचे सहा आठवड्यांचे आकडे केराच्या टोपलीत गेले! गणित मला येत होतं हो, नेटमध्ये त्या प्रश्नाला गुणही मिळाले होते. पण तापमान विचारायचं असतं हे कोणत्याच प्रश्नाने शिकवलं नव्हतं.

गाईडवाल्यांनी त्याच प्रश्नाला एक उपप्रश्न जोडला तरी पुष्कळ झालं. तोवर तुम्हीच करून बघा: ३७ अंशांना पाण्याचा आयनिक गुणाकार सुमारे २.४ × १०^-१४ असतो. मग त्या तापमानाला पीएच ६.९ असलेलं द्रावण आम्लधर्मी की अल्कधर्मी?