उगवत्या नर्तकाचे कौतुक आणि त्याची समीक्षा



२०१७ साली नवी मुंबईच्या अमिरुद्दीन शाहला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. त्याचे वडील वेल्डर. मुंबईत त्याच्याबरोबर येहुदा माओर या शिक्षकांकडे बॅले शिकणारा दुसरा मुलगा मनीष चौहान. त्याचे वडील टॅक्सीचालक. या दोघांच्या आयुष्यावरून सूनी तारापोरवाला यांनी ‘ये बॅले’ हा चित्रपट केला. तो २०२० साली आला. त्याच वर्षी दिल्लीच्या कमल सिंगची निवड लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये झाली. त्याचे वडील ई-रिक्षा चालवतात.

आता हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा. तिघांचे वडील काय करतात हे तुम्हाला कळले. तिघांपैकी कोणाची उडी कशी आहे, गिरकी कोणाची स्थिर आहे, हे कळले का? परिच्छेद मी मुद्दाम तसा लिहिला, कारण या मुलांवरचे माझ्या वाचनात आलेले बहुतेक लेखन याच घाटाचे आहे. त्याला आपण कौतुक म्हणू. समीक्षा ही वेगळी गोष्ट आहे, आणि उगवत्या कलावंताला दोन्हींची गरज असते.

कौतुकाला मी कमी लेखत नाही. कमलच्या फीसाठी लोकांनी वर्गणी दिली, त्यामागे त्याच्यावरच्या बातम्याही होत्या. पण बातमीचे नावीन्य ओसरले की कौतुकही ओसरते. ‘गरिबाघरचा मुलगा बॅले करतो’ हे वाक्य एकदाच लिहिता येते. ‘बॅले कसा करतो’ हे मात्र प्रत्येक प्रयोगानंतर नव्याने लिहावे लागते.

काय पाहायचे?

जबलपूरला, इथे सदरमध्ये राहून, मला बॅले पडद्यावरच पाहावा लागतो. तुमच्यापैकी बहुतेकांचेही तसेच असेल. म्हणून तिकीट न काढता करता येण्याजोगे निरीक्षण सांगतो. मी मेकॅनिक्स शिकवतो, तेव्हा सुरुवात उडीपासून करू.

समजा, नर्तकाचा गुरुत्वमध्य उडीत ६० सेंटिमीटर वर गेला. तो हवेत सुमारे ०.७ सेकंद राहील. हा वेळ कोणालाही वाढवता येत नाही. मग काही नर्तक हवेत थांबल्यासारखे का वाटतात? पहिले कारण असे, की एकूण वेळेपैकी निम्मा वेळ उंचीच्या वरच्या चौथ्या भागातच जातो. दुसरे कारण कौशल्याचे आहे. ‘ग्राँ जेते’ या लांब झेपेत नर्तक सर्वोच्च बिंदूजवळ दोन्ही पाय पसरून वर आणतो, हातही उचलतो. त्यामुळे गुरुत्वमध्य शरीरात थोडा वर सरकतो. गुरुत्वमध्याचा मार्ग परवलयच राहतो, पण डोके काही क्षण जवळजवळ आडव्या रेषेत जाते. आपली नजर डोक्यावर असते, म्हणून तो तरंगताना दिसतो. पाय लवकर किंवा उशिरा उघडले तर हा भास मोडतो. समीक्षकाने नोंदवायची गोष्ट ही आहे.

मग उतरणे पाहा. गुडघे वेळेवर आणि सावकाश वाकले तर आवाज होत नाही. गिरकीत हात जवळ घेतले की वेग वाढतो, हे तुम्ही कोनीय संवेगात शिकला आहात. पण गिरकी संपताना तो वेग कसा आवरला, यावर नर्तकाची परीक्षा होते. पुरुष नर्तकाला सहनर्तिकेला उचलावेही लागते. ती वर असताना आपले लक्ष त्याच्या श्रमाकडे गेले, तर काहीतरी चुकले आहे.

चित्रपटात आणखी एक अडचण असते. उडीच्या मध्येच दृश्य तोडले तर उड्डाण आणि उतरणे एकाच झेपेचे आहे का, हे कळत नाही. ‘ये बॅले’मध्ये मनीषने स्वतःवर बेतलेले पात्र स्वतःच केले आहे, म्हणून तिथला नाच खरा आहे. तरीही अखंड दिसणाऱ्या हालचाली शोधा आणि मत त्यांवरूनच बनवा.

पार्श्वभूमी सांगायचीच नाही का?

सांगावी, पण ती नाचात दिसत असेल तेव्हा. वास्लाव निजिन्स्की नऊ-दहा वर्षांचा असताना पीटर्सबर्गच्या शाही नृत्यशाळेत दाखल झाला. बॅलेला लागणारे, खुब्यापासून पाय बाहेर वळवणे त्याच वयात शरीरात मुरते. मनीष बॅलेकडे आला तो तरुण वयात, रस्त्यावरच्या नाचातून, कोलांट्या स्वतः शिकून. उशिरा सुरुवात ही त्याच्या पायांशी संबंधित गोष्ट आहे. वडिलांची टॅक्सी तशी नाही. त्याच्यावरचा ‘कॉल मी डान्सर’ हा २०२३ चा माहितीपट हा वयाचा प्रश्न टाळत नाही. पुढे मनीष समकालीन नृत्याकडे वळला, जिथे जमिनीवरच्या हालचालींची त्याची जुनी सवय उपयोगी पडते. नुसती वाहवा ऐकणाऱ्याला असे वळण सापडणे कठीण असते.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. केशवराव भोळे गायकांवर लिहीत तेव्हा आवाज, लय, तान यांचा हिशेब मांडत. गाण्याच्या बैठकीत आपले आजी-आजोबाही ‘सूर लागला नाही’ असे सरळ म्हणत. नाचाच्या बाबतीत मात्र आपण ‘काय नाचतो!’ म्हणून थांबतो.

निजिन्स्कीच्या नाचाचे एकही चित्रीकरण आज उपलब्ध नाही. १९११ साली ‘गुलाबाचा आत्मा’ या नृत्यनाट्यात खिडकीतून घेतलेली त्याची झेप आपल्याला माहीत आहे ती पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. त्यांनी त्याच्या वडिलांचा व्यवसाय तेवढा लिहिला असता, तर ती झेप कायमची हरवली असती. आज चित्रफिती आहेत, पण काय पाहायचे हे सांगणारी वाक्ये आपल्या भाषांत अजून थोडी आहेत. ती तुम्ही लिहायची आहेत.

स्वाध्याय

१. कोणत्याही पुरुष नर्तकाची एक अखंड झेप आवाज बंद करून तीनदा पाहा. पहिल्यांदा फक्त डोके, मग पाय, मग उतरणे. प्रत्येकावर दोन वाक्ये लिहा.

२. एखाद्या तरुण कलावंतावरची बातमी घ्या. कलेविषयीची वाक्ये आणि आयुष्याविषयीची वाक्ये वेगवेगळी मोजा.

३. त्याच कलावंतावर शंभर शब्दांचा परिच्छेद लिहा. घरच्या परिस्थितीचा उल्लेख केलात, तर तो कोणत्या हालचालीत दिसतो हेही लिहा.